सॅमन गळाला लागत नाही? आमिष बदलण्याआधी त्याची चाल बघा

शेजारचा माणूस तासाभरात दोन कोहो, म्हणजे सॅमनचीच एक जात, काढून कूलरमध्ये टाकतो. त्याचं हेरिंग, म्हणजे आमिषाचा छोटा मासा, मी घेतो त्याच दुकानातलं, रॉड जवळपास सारखा, आम्ही उभे चार हातांच्या अंतरावर. तरी माझ्या दोरीला सकाळपासून एक हिसका नाही. सिॲटलच्या आसपास राहणाऱ्या आणि नव्याने सॅमनच्या मागे लागलेल्या मराठी मंडळींकडून दर ऑगस्ट-सप्टेंबरात ही तक्रार ऐकतो. पुढचं पाऊलही सगळ्यांचं सारखंच असतं. दुकानात जायचं, नवं आमिष, नवा रंग, नवी वासाची बाटली आणायची. पुढच्या रविवारी पुन्हा रिकाम्या हाताने परत.

माझे पहिले दोन हंगाम असेच गेले. कारण मला पुष्कळ उशिरा कळलं, आणि ते आमच्या गावच्या सवयीत होतं. मी कोकणात जेटीवर गरवायला शिकलो. तंगुसाला शिसं, गळाला कोळंबीचा तुकडा, आणि तळाला सोडून स्वस्थ बसायचं. शिंगाळा, तांबोशी वासावर येतात, आमिष जागेवर असलं तरी चालतं, किंबहुना जागेवर असलेलंच बरं. तिथे प्रश्न असतो आमिष ताजं आहे का, एवढाच. प्युजेट साउंडमधला, म्हणजे सिॲटलजवळच्या खाडीतला, सॅमन असा मासा नाही. तो मधल्या पाण्यात फिरतो, डोळ्याने शिकार हेरतो आणि पळणाऱ्या, लंगडणाऱ्या माशावर झडप घालतो. जे नीट हलत नाही ते कितीही ताजं असलं तरी तो बाजूने निघून जातो. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच: आमिष बदलू नका, आधी त्याची चाल दुरुस्त करा.

रावसाबद्दलचा एक गैरसमज इथेच काढून टाकू. हॉटेलांच्या मेनूवर रावसाला ‘इंडियन सॅमन’ लिहितात, त्यामुळे रावस धरलेला माणूस आपल्याला सॅमन जमेल असं धरून चालतो. दोघांचा काही संबंध नाही. रावसाच्या छातीच्या पराखाली दोऱ्यासारखे तंतू असतात, त्यांनी तो गढूळ पाण्यात तळ चाचपतो. सॅमनच्या पाठीवर शेपटीजवळ एक छोटा मांसल पर असतो, त्याला ॲडिपोज फिन म्हणतात. हा पर लक्षात ठेवा, शेवटी नियमांत तो पुन्हा येणार आहे.

पायाशी दहा सेकंद

एडमंड्सच्या पिअरवर, म्हणजे धक्क्यावर, एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला जे दाखवलं ते इथे जसंच्या तसं सांगतो. मी हेरिंग लावून लांब फेकणार होतो. त्यांनी माझ्या दोरीला बोट लावलं आणि खाली पाण्याकडे खूण केली. रिगची, म्हणजे गळ-आमिषाच्या जोडणीची, दोन-तीन फूट दोरी सोडून हेरिंग पायाशीच पाण्यात धरायचं आणि चालत्या माणसाच्या वेगाने बाजूला ओढायचं. मी ओढलं. माझं हेरिंग ओल्या फडक्यासारखं आडवं सरकत आलं. मग त्यांनी त्यांचं ओढलं. ते स्वतःभोवती गोल फिरत, दर फेऱ्याला पोटाची चांदी चमकवत आलं, एखादा जखमी मासा पळायला धडपडावा तसं. सकाळपासूनचा सगळा फरक त्या दहा सेकंदांत दिसला.

तेव्हापासून मी एकही आमिष ही परीक्षा घेतल्याशिवाय फेकत नाही. धातूचा चमकता स्पून असो, स्पिनर असो, प्लास्टिकची हूची असो, पायाशी ओढून बघायचं. जे तुमच्या डोळ्यांना मेलेलं वाटतं ते कोहोलाही मेलेलंच वाटतं.

हेरिंग नीट फिरत नाही

फिरत नसेल तर दोष बहुतेक वेळा दोनच ठिकाणी सापडतो, माशाच्या मांसात किंवा कापात.

आधी मांस. गोठवलेलं हेरिंग साध्या नळाच्या पाण्यात वितळवलं की ते मऊ पडतं, खवले सुटतात, गळाचं भोक रुंदावतं आणि चार फेकींत त्याचा लगदा होतो. आपल्याकडे पेडवे-तारली मिठात घालतात त्यामागचं तत्त्वच इथे लावायचं. एक गॅलन थंड पाण्यात तीन ते चार कप जाडं मीठ, आयोडीन नसलेलं, विरघळवायचं आणि गोठलेलं हेरिंग थेट त्यात रात्रभर ठेवायचं. मीठ पाणी ओढून घेतं, मांस घट्ट होतं, कातडी ताणून बसते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून पाणी आदल्या दिवशी उघड्या भांड्यात काढून ठेवतो. आणि एक गोष्ट पाहून मला घरची आठवण झाली: इथले जुने मासेमार या पाण्यात कपड्यांना घालायची नीळ घालतात. थोडीशीच. पांढऱ्या सदऱ्याला जी झळाळी येते तीच खवल्यांना येते. करून बघा, फरक दिसतो.

पाकिटांवर रंगांची लेबलं असतात. लाल लहान, हिरवं मधलं, निळं मोठं. कोहोसाठी मी लाल किंवा हिरवं घेतो, किंग म्हणजे चिनूक या मोठ्या सॅमनसाठी हिरवं किंवा निळं. पाकिटातून बघताना डोळे स्वच्छ आहेत का आणि खवले जागेवर आहेत का तेवढं पाहा. पोटाकडे पिवळट डाग असलेलं पाकीट स्वस्त मिळालं तरी ठेवून द्या.

आता काप. याला इथे कट-प्लग म्हणतात. डोकं सरळ उडवायचं नाही. कल्ल्यामागून तिरका काप घ्यायचा आणि तो दोन दिशांनी तिरका हवा: पाठीकडून पोटाकडे जाताना मागे सरकणारा, शिवाय एका कुशीकडून दुसऱ्या कुशीकडेही कललेला. या दुहेरी उतारावर पाणी आदळतं आणि माशाला फिरवतं. नुसता एकेरी तिरका काप घेतला तर मासा डोलतो, फिरत नाही. दुकानात कापाला खाचा असलेली प्लास्टिकची पेटी मिळते. पहिल्या हंगामात ती घ्याच, हाताला कोन बसेपर्यंत तिच्यासारखा गुरू नाही. सुरी वस्तऱ्यासारखी धारदार हवी. बोथट सुरीने कडा फाटतात, आणि फाटलेली कड म्हणजे वाकडा सुकाणू. पोटातली घाण ओढून काढा, पोकळी स्वच्छ करा.

लीडर, म्हणजे मुख्य दोरी आणि गळ यांमधला दोरीचा तुकडा, साधारण सहा फुटांचा, त्यावर एकामागे एक असे दोन गळ. वरचा गळ पोकळीच्या आतून बाहेर काढायचा, पाठीच्या कण्याच्या अगदी लगत, म्हणजे कणा त्याला धरून ठेवतो. मागचा गळ शेपटीकडे कुशीत हलकाच टोचायचा किंवा मोकळा सोडायचा. मागचा गळ ओढून मासा वाकवला की फिरणं लगेच बिघडतं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारींत चूक इथेच निघते: दोन गळांमधलं अंतर माशाला कमी पडतं, मग माणूस ते ताणून बसवतो आणि हेरिंगचं धनुष्य होतं.

फिरण्याची गतीही महत्त्वाची. कोहोला भिंगरीसारखं जलद आणि घट्ट फिरणं आवडतं, किंगला सावकाश, ऐसपैस लोळणं. कापाचा कोन जरा बदलला की गती बदलते. म्हणून पहिली दोन-तीन हेरिंगं कापून, पायाशी ओढून बघण्यातच खर्च करा. ती वाया गेली असं समजू नका.

काप बरोबर, मांस घट्ट, सकाळी छान फिरत होतं आणि आता मध्येच थांबलं? मग गवत. उन्हाळ्याच्या शेवटी साउंडमध्ये तुटलेलं समुद्री गवत वाहत असतं. बोटभर काडी जरी गळाच्या बाकात अडकली तरी आमिष मुकाट सरळ ओढलं जातं. वरून काहीच कळत नाही, रॉड तसाच वाकलेला. दर फेकीला गळ बघा. ट्रोलिंग, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढणं, करत असाल तर पंधरा-वीस मिनिटं चावा नाही आला की वर घ्या. जेलीफिशचे चिकट धागेही दोरीवर येतात. तांबूस लायन्स मेनचे असतील तर ते आग करतात, तो हात डोळ्याला लावू नका.

चावा येतो, मासा येत नाही

परत आलेलं हेरिंग फेकून देण्याआधी वाचा. मी ते अक्षरशः वाचतो.

एका कुशीचे खवले खरवडलेले, कातडीवर तिरके ओरखडे, पण मासा शाबूत असेल तर सॅमनने मागून झडप घातली आणि गळ चुकला. मागचा गळ आणखी मागे हवा. मागचा अर्धा भाग धारदार कातरल्यासारखा गेला असेल आणि लीडर खरखरीत लागत असेल तर ती मुशी आहे, इथली डॉगफिश. ती तळाजवळ टोळीने असते. अशा वेळी गळ बदलून उपयोग नाही, दहा-पंधरा फूट वर या किंवा जागा सोडा. आणि लीडर बोटांतून फिरवून खरबरीत भाग कापून टाका, नाहीतर त्या दिवसाचा सगळ्यात मोठा मासा तिथेच सुटेल.

दुसरी चूक घाईची. कोकणात दोरीला टिचकी लागली की हिसका मारायचा, हे हातात बसलेलं असतं. हेरिंग लावून शिशाने वर-खाली सोडायच्या पद्धतीला इथे मूचिंग म्हणतात. तिच्यात सॅमन पुष्कळदा आधी आमिषाला धक्का देतो, जखमी करतो, मग वळून तोंडात घेतो. पहिल्या टिचकीला हिसका मारलात तर आमिष त्याच्या तोंडापासून ओढून घेता. थांबा. टोक वजनाने खाली जाऊ द्या, मग रीळ फिरवत दोरी ताणा.

याच्या उलट प्रसंगही येतो, आणि नवे लोक तिथे हमखास फसतात. दोरी अचानक सैल पडते. वाटतं शिसं तळाला टेकलं किंवा दोरी तुटली. बहुतेक वेळा सॅमन आमिष घेऊन वर पोहतो आहे. तेव्हा विचार न करता जेवढ्या जोरात फिरवता येईल तेवढ्या जोरात रीळ फिरवायचं, वजन लागेपर्यंत.

मासा लागतो पण काठापर्यंत येत नाही, हे तिसरं. इथे समुद्रात सॅमनसाठी उलटा काटा नसलेलाच गळ वापरावा लागतो, तोही एकाच टोकाचा. त्यामुळे दोरी क्षणभर ढिली पडली की गळ निसटतो. मासा उडी मारतो तेव्हा रॉडचं टोक खाली, दोरी ताणलेली. ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशावर ठेवा. आणि गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून सरकवा. नखात रुतलं तर धार आहे, घसरलं तर गळ बदला. तिथल्या तिथे बदला, पुढच्या वेळी नको. हम्पीचं, म्हणजे पिंक सॅमनचं, तोंड तर फार मऊ असतं, त्याला जोराचा हिसका म्हणजे ओठ फाटून मासा मोकळा.

फ्लॅशर लावला तरी काही नाही

फ्लॅशर म्हणजे आमिषापुढे लावायची चकाकती पट्टी. बोटीवरच्या मंडळींचं हे कायमचं दुखणं, आणि मला वाटतं याच भागात लोक विनाकारण सगळ्यात जास्त पैसे घालवतात. हूचीचे वीस रंग घेतात. माझ्या डब्यात आज चार आहेत.

रचना समजून घ्या. हूची म्हणजे झालरीचा प्लास्टिकचा माकूल. तिला स्वतःची चाल नाही. सोडली तर ती पाण्यात नुसती तरंगत मागे येते. तिच्या पुढचा अकरा इंची फ्लॅशर मोठे गोल फेरे घेतो आणि प्रत्येक फेऱ्याला लीडरच्या टोकाला चाबकासारखा फटका देतो. तो फटका म्हणजेच हूचीची चाल. लीडर लांब केला की फटका वाटेत विरतो. लीडर मऊ असला तरी विरतो. म्हणून हूचीला चाळीस पौंडाचा ताठ लीडर लावतात. मासा चाळीस पौंडाचा आहे म्हणून तो लावत नाहीत.

लांबीचे माझे सुरुवातीचे आकडे असे: कोहोला 28 ते 36 इंच, किंगला 36 ते 44, हम्पीला 22 ते 30. छोटा लीडर म्हणजे तडतडीत चाल, लांब म्हणजे सावकाश. बांधताना नेहमी लांबाकडे बांधा, पाण्यावर दोन-दोन इंच कमी करता येतात, वाढवता येत नाहीत.

आता याच फ्लॅशरमागे हूची काढून हेरिंग लावलंत तर हिशेब उलटा होतो. हेरिंगला स्वतःची फिरकी आहे. फ्लॅशरचे फटके बसले तर ती मोडते, मांसही फाटतं. म्हणून हेरिंगला पाच-सहा फुटांचा लीडर. मी पाहिलेली सगळ्यात नेहमीची चूक हीच: हूचीचा 32 इंचांचा लीडर तसाच ठेवून त्याला हेरिंग टोचायचं, किंवा हेरिंगच्या सहा फुटी लीडरला हूची. दोन्ही रिगं दिसायला सुंदर, आणि दोन्हींना दिवसभर मासा नाही. इंचपट्टी टॅकल बॉक्समध्ये ठेवा. वीतभर म्हणजे किती, याचा अंदाज बोटीवर चुकतो.

यानंतर वेग. जीपीएस दाखवतो तो वेग जमिनीच्या हिशेबाने असतो, फ्लॅशरला कळतो तो पाण्यातला. सुकतीच्या जोरदार ओढीबरोबर जात असाल तर जीपीएसवर तीन मैल दिसतील आणि फ्लॅशर फिरतही नसेल, नुसता डोलत असेल. वळून त्याच ओढीविरुद्ध गेलात तर दोन मैलांतही तो गरगरा फिरेल. म्हणून एकाच दिशेला जाताना चावे येतात आणि परतताना येत नाहीत, असा अनुभव आला की माशांना दोष देऊ नका. डाउनरिगरच्या, म्हणजे आमिष खोल नेणाऱ्या वजनाच्या, तारेचा कोन बघा. ज्या कोनात मासा लागला तो कोन दोन्ही दिशांना राखा. आणि तार जितकी तिरकी तितकं आमिष वर, काउंटर 60 फूट दाखवत असला तरी आमिष 60वर नाही.

खोलीबद्दल थोडक्यात. पहाटे अंधूक उजेडात कोहो वरच्या वीस-तीस फुटांत असतो. ऊन चढलं की खाली सरकतो. किंग त्याहून खोल, पुष्कळदा तळाच्या आसपास. पिअरवरून फ्लोटखाली, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेखाली, हेरिंग सोडणारे मात्र सकाळी दहा फुटांवर बांधलेली, खोली ठरवणारी स्टॉपरची गाठ दुपारपर्यंत हलवत नाहीत. ती गाठ सरकवण्यासाठीच असते. चावा नसेल तर दर अर्ध्या तासाला पाच फूट खाली, पंचवीसपर्यंत.

हम्पीचं वर्ष

पिंक सॅमनचं, म्हणजे हम्पीचं आयुष्य बरोबर दोन वर्षांचं, त्यामुळे प्युजेट साउंडमध्ये त्यांचे मोठे थवे विषम वर्षीच येतात: 2023, 2025, आणि आता 2027. नव्या माणसाने सुरुवात यांच्यापासूनच करावी. लिंकन पार्क किंवा पॉइंट नो पॉइंटच्या किनाऱ्यावरून बझ बाँब, रोटेटर यांसारखं गुलाबी लूर, म्हणजे कृत्रिम आमिष, फेकायचं. हा मासा बराचसा बारीक प्लवकांवर जगतो, म्हणून लूर लहान आणि चाल मंद. कोहोच्या सवयीने भराभर ओढलंत तर तो मागे येतो आणि वळून जातो. दोन-तीन वेढे रीळ, थांबा, लूर गिरक्या घेत खाली पडू द्या, मग टोक हळूच उचला. घेतो तो बहुतेक पडतानाच. म्हणून पडताना दोरी पूर्ण ढिली सोडू नका, नजर दोरीवर ठेवा. ती क्षणभर थबकली तरी तो चावा आहे.

पाण्यावर पाठी दिसतात, मासे उड्या मारतात, आणि तरी कोणालाच लागत नाही अशी वेळही येते. उड्या मारणाऱ्या माशाच्या नेमक्या जागी फेकण्यात अर्थ नसतो, तो तिथून गेलेला असतो. थवा कोणीकडे सरकतो आहे ते पाहा आणि पुढे फेका. बहुधा भरती-ओहोटीची ओढ टोकाला वळसा घेते तिथून ते जातात. कोकणातल्या माणसाला उधाण-भांग शिकवावं लागत नाही. फक्त इथे दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एक पुष्कळ खोल जाते आणि दुसरी जेमतेम. त्यामुळे आदल्या दिवसाचा अंदाज घड्याळ पुढे सरकवून वापरू नका, तक्ता बघा.

दोरीला पीळ

फिरणारं आमिष दोरीलाही फिरवतं. दोरी सैल सोडल्यावर ती स्वतःभोवती वेटोळी घेत असेल, रॉडच्या टोकाला गुंते होत असतील, तर स्विव्हल, म्हणजे दोरीच्या जोडावरची फिरती कडी, चालत नाहीये. स्वस्त पितळी स्विव्हल ताणाखाली फिरतच नाही. बॉल-बेअरिंगची घ्या. डब्यातली एवढी एकच वस्तू महाग घ्या असं मी सांगेन. पीळ पडलाच असेल तर पुढचं सगळं काढून नुसती दोरी बोटीमागे किंवा नदीच्या प्रवाहात लांब सोडून काही मिनिटं ओढत ठेवा, ती आपोआप उलगडते.

नदीत गेल्यावर

स्नोहोमिश, स्कायकोमिश, स्नोक्वाल्मी. पाणी गोडं झालं की सॅमन खायचं जवळजवळ थांबवतो. तिथे तो भुकेने नाही, चिडून किंवा सवयीने तोंड मारतो. म्हणून समुद्रात चालणारं हेरिंग नदीत नेऊन निराश होऊ नका. सॅमनची मुरवलेली अंडी फ्लोटखाली, छोटे स्पिनर, किंवा डिक नाइटसारखा पातळ स्पून, हे तिथले हुकुमी.

अंडी लावली आणि काहीच होत नसेल तर फ्लोट काय सांगतो ते बघा. तो सरळ उभा वाहत हवा. त्याचं डोकं प्रवाहाच्या दिशेने कललं असेल तर खाली आमिष तळाला घासतंय, खोली कमी करा. डोकं वरच्या दिशेला कललं असेल तर तुमची दोरी त्याला मागे धरून ठेवते आहे, दोरी उचलून प्रवाहाच्या वर टाका. पातळ स्पूनला चावा म्हणजे हिसका नाही, वाहती दोरी क्षणभर थांबते, बस.

पाणी पावसाने गढूळ असेल तर मोठं आणि भडक, स्वच्छ असेल तर लहान आणि मंद रंगाचं. मासे वारंवार पाठीला, पोटाला गळ रुतून येत असतील तर ते चावत नाहीत, तुमचा लांब लीडर त्यांच्या अंगावरून ओढला जातोय. तोंडाबाहेर लागलेला मासा सोडावाच लागतो. लीडर आखूड करा, आणि झटके थांबवा. ही गोष्ट मला मनापासून खुपते, कारण अंडी घालायला शेकडो मैल पोहत आलेल्या माशाला असं ओरबाडणं म्हणजे मासेमारी नव्हे.

हाताचा वास

चाल महत्त्वाची म्हटलं तरी वास अगदीच बिनमहत्त्वाचा नाही. सॅमनला वासाने आपली जन्माची नदी ओळखता येते, एवढं तीक्ष्ण नाक. 1950च्या दशकात ब्रिटिश कोलंबियात संशोधकांनी वर चढणाऱ्या सॅमनच्या पाण्यात माणसाच्या आणि इतर सस्तन प्राण्यांच्या कातडीचं धुवण टाकून पाहिलं, तर मासे बिचकून मागे हटले. त्या धुवणातला मुख्य घटक सेरीन नावाचं ॲमिनो आम्ल निघालं. तेव्हा हेरिंग हाताळण्याआधी बिनवासाच्या साबणाने हात धुवा. सनस्क्रीन, डासांचं मलम, पेट्रोल यांचा हात आमिषाला लागू देऊ नका. लसणीचं मात्र भय नको. इथे लसणाच्या वासाची बाटली आमिषाला लावायला म्हणून विकत मिळते.

दोन नियमांच्या गोष्टी

हंगाम, मर्यादा, कोणत्या नदीत आमिष चालतं आणि कोणत्या नाही, हे दरवर्षी बदलतं आणि हंगामाच्या मध्येही बदलतं. वॉशिंग्टन राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याचं पान निघायच्या दिवशी बघा, आदल्या आठवड्याचं नको. पंधरा वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही, पण सॅमनची नोंद करायचं कार्ड लागतं. भारतातून आलेले आई-बाबा ‘एकदा धरून बघतो’ म्हणाले तर त्यांच्या हातात रॉड देण्याआधी त्यांचा परवाना काढा, एक-दोन दिवसांचा मिळतो.

आणि तो ॲडिपोज पर. हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवलेल्या माशाचा तो लहानपणी कापलेला असतो, त्या जागी बरी झालेली खूण दिसते. पर शाबूत असेल तर मासा बहुधा निसर्गात जन्मलेला. प्युजेट साउंडचा चिनूक 1999पासून संकटग्रस्त यादीत आहे, आणि इथल्या मासे खाणाऱ्या ऑर्का मुख्यतः त्याच्यावर जगतात. शाबूत पराचा चिनूक लागला तर त्याला पाण्याबाहेर न काढता, बिनगाठीच्या जाळीत धरून, पक्कडीने गळ उलटा फिरवून सोडा. उलटा काटा नसल्यामुळे गळ एका वळणात निघतो. प्रवाहाकडे तोंड करून धरा, शेपटीने स्वतः जोर लावेपर्यंत हात काढू नका.